ग्रंथालयाच्या वहीत पुस्तकाविषयी अभिप्राय कसा लिहावा

आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर एक जाड रेघी वही ठेवलेली असते. पुस्तक परत करताना वाचकाने त्याविषयी चार ओळी लिहाव्यात, एवढाच तिचा उद्देश. गेली बरीच वर्षे मी ती वही वाचत आले आहे आणि तिच्यात लिहीतही आले आहे. तिच्या एकाच पानावर कादंबरीखाली पाककृतींचे पुस्तक, त्याखाली कवितासंग्रह, त्याखाली एखादे भाषांतर अशी सरमिसळ सापडते आणि ती मला फार आवडते. नोंदी मात्र बऱ्याचदा एकाच साच्यातल्या असतात: 'अप्रतिम', 'ओघवती भाषा', 'प्रत्येकाने वाचावे असे पुस्तक'. या शब्दांत खोटे काही नसते, लिहिणाऱ्याला ते पुस्तक मनापासून आवडलेले असते. पण कपाटासमोर उभे राहून आज काय न्यावे असा विचार करणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. अभिप्राय त्या माणसासाठी लिहायचा असतो, हे एकदा मनाशी पक्के केले की काय लिहावे आणि काय गाळावे याचे बरेचसे निर्णय आपोआप सोपे होतात.

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी आपल्या हातात नेमके कोणते पुस्तक आहे ते पाहावे. मुखपृष्ठ उलटून श्रेयनामावलीचे पान नीट वाचावे आणि आवृत्ती, वर्ष, संपादक किंवा अनुवादक यांची नावे टिपून ठेवावीत. हे कोरडे काम वाटते, पण याच्या अभावी दोन प्रामाणिक वाचक एकमेकांना खोटे पाडू शकतात. विष्णुभट गोडसे यांचा १८५७ च्या धामधुमीतला 'माझा प्रवास' हे याचे चांगले उदाहरण आहे. तो १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला तेव्हा मजकुरात त्यांनी बरेच फेरफार केले होते. पुढे दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून तो पुन्हा सिद्ध केला. एकाने जुनी प्रत वाचलेली असेल आणि दुसऱ्याने नंतरची, तर दोघांचे मत जुळण्याचे कारणच नाही. म्हणून नोंदीच्या पहिल्याच ओळीत आवृत्ती लिहावी.

प्रतीची अवस्थाही पाहावी, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. एका कादंबरीविषयी मी एकदा वहीत फार कडक शब्दांत लिहिले होते की, लेखकाने नायिकेच्या माहेरचा सगळा प्रसंग गाळून कथेला खिंडार पाडले आहे आणि वाचकाला गृहीत धरले आहे. पुढे एका मैत्रिणीकडे तेच पुस्तक चाळताना तो प्रसंग सापडला. ग्रंथालयाच्या प्रतीत बांधणी करतानाच सोळा पानांचा एक अख्खा फर्मा राहून गेला होता, आणि पृष्ठांक एकशे अठ्ठावीसवरून एकशे पंचेचाळीसवर उडी मारत होते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. तोवर त्या नोंदीमुळे दोघा-तिघांनी ते पुस्तक न नेता ठेवून दिले होते. मी नोंदीखाली दुरुस्ती लिहिली, पण लेखकावर झालेला तो अन्याय मला अजून टोचतो. कथेत तुटल्यासारखे वाटले, तर आधी पृष्ठांक तपासावेत.

वाचताना पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवावी. ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिलीनेही खुणा करू नयेत, कारण आपली अधोरेखिते पुढच्या वाचकाचे डोळे आपल्याच वाटेने ओढून नेतात. चिठ्ठीवर पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द पुरतात. कुठे थांबून परत मागे जावेसे वाटले आणि कुठे पाने भराभर उलटावीशी वाटली, या दोन्ही जागा टिपाव्यात. पुस्तक संपल्यावर एक रात्र जाऊ द्यावी, पण आठवडा जाऊ देऊ नये. आठवड्याने पुस्तकाऐवजी पुस्तकाविषयी इतरांनी म्हटलेलेच आठवू लागते.

आता लिहिण्याकडे येऊ. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर वहीत एक नोंद अशी होती: 'ग्रामीण जीवनाचे अत्यंत वास्तव चित्रण. भाषा साधी व ओघवती. व्यक्तिरेखा जिवंत. जरूर वाचावे.' ही चार वाक्ये कोणत्याही ग्रामीण कादंबरीखाली लिहिली तरी चालतील, आणि हाच त्यांचा दोष आहे. ज्यांनी ती लिहिली त्यांच्याशी मी बोलले तेव्हा त्यांनी तोंडी जे सांगितले ते किती तरी मोलाचे होते. त्यांच्या परवानगीने आम्ही दोघींनी ती नोंद पुन्हा लिहिली, ती अशी:

'औंध संस्थानातल्या धनगरांच्या छोट्या वाडीवर एक तरुण मास्तर नेमणुकीवर येतो. शाळा चालवता चालवता तो वाडीच्या सुखदुःखात ओढला जातो. वाक्ये आखूड आहेत, वर्णने मोजकी आहेत, आणि मेंढरे, पाऊस, माळ यांना माणसांइतकीच जागा आहे. तालमीची इमारत उभी राहण्याचा भाग मी दोनदा वाचला. मोठे नाट्य किंवा प्रेमकथा हवी असेल तर निराशा होईल. माझे वडील मेंढपाळांच्या गावात शिक्षक होते, त्यामुळे मला हे पुस्तक जरा जास्तच जवळचे वाटले असेल. छोटी कादंबरी आहे, दोन-तीन बैठकांत होते.'

यात विशेषणे जवळजवळ नाहीत, तरी आवड लपत नाही. पुस्तक कोणाला रुचणार नाही हे सांगितले आहे, आणि लिहिणाऱ्या बाईंनी स्वतःचा कल कोठून येतो हेही उघड केले आहे. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण ज्या जागेवरून वाचतो ती जागा सांगितली की वाचणारा आपल्या मतातून आपला वाटा वजा करून उरलेले घेऊ शकतो. कथानक मात्र पहिल्या चतुर्थांशापलीकडे उलगडू नये. दुष्काळाने पुढे वाडीचे काय होते ते वरच्या नोंदीत नाही, आणि तिथे ते नसणेच योग्य आहे.

हाच साचा सगळ्या पुस्तकांना लावता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या पुस्तकाला विचारायचा प्रश्न निराळा असतो, आणि आपल्या वहीतली बरीच मते चुकतात ती चुकीचा प्रश्न विचारल्यामुळे. ऐतिहासिक कादंबरी घ्या. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'खाली 'पेशवाईचा खरा इतिहास कळला' असे हमखास लिहिलेले असते. माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास आहे. पण त्या दोघांमध्ये एकांतात झालेले बोलणे कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही, ते कादंबरीकाराने निर्माण केले आहे. अभिप्रायात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. संवादांनी डोळ्यांत पाणी आणले असेल तर ते श्रेय लेखकाच्या कल्पनेला द्यावे, आणि इतिहास जाणून घेण्याची इच्छा झाली असेल तर तसे लिहून पुढच्या वाचकाला इतिहासाच्या कपाटाकडे पाठवावे.

आत्मचरित्राच्या बाबतीत आपण वेगळीच गल्लत करतो. लिहिणाऱ्याचे आयुष्य खडतर असले की आपण पुस्तकालाही आदराने 'थोर' म्हणून मोकळे होतो. आदर योग्यच आहे, पण तो आयुष्याला वाहिलेला असतो. पुस्तक कसे लिहिले आहे हा प्रश्न त्याने सुटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली. पतीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरची ताटातूट, घरचा सोवळेपणा, मनाची ओढाताण हे सारे त्यात आहे, आणि तरीही ते ज्या मोकळ्या, हसऱ्या, घरगुती बोलीत सांगितले आहे तीच त्या पुस्तकाची खरी ताकद आहे. अभिप्रायात केवळ 'त्यांनी किती सोसले' एवढेच आले, तर ज्या वाचकाला त्या हास्याने धरून ठेवले असते तो दुःखाच्या भीतीने पुस्तक ठेवून देईल. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. त्याविषयी लिहितानाही 'हृदयद्रावक' या एका शब्दावर थांबू नये. निवेदक स्वतःशीच, आरशासमोर उभे राहावे तसा, बोलतो; ही रचना वाचकाला कशी घेऊन जाते ते सांगावे.

बोलीतल्या पुस्तकांविषयी मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली माणसे वऱ्हाडी बोलतात. अशा पुस्तकांखाली 'भाषा अशुद्ध असल्याने रसभंग होतो' असा शेरा मी वाचलेला आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे. ती भाषा अशुद्ध नाही. ती आपल्या कानाला नवी आहे, आणि ही माहिती वाचकाला द्यायची तर खरी द्यावी: बोली कोणत्या भागातली आहे, सरावायला आपल्याला साधारण किती पाने लागली, मोठ्याने वाचल्यावर सोपे गेले का. 'पहिली वीस पाने अडखळले, नंतर कौतिकचे बोलणे कानात घुमू लागले' असे एक वाक्य शंभर शेऱ्यांपेक्षा उपयोगी पडते. आणि लिहिणारा वऱ्हाडातलाच असेल तर त्याने ते अवश्य सांगावे; बोली कितपत अचूक उतरली आहे हे सांगण्याचा अधिकार त्याचाच आहे.

कवितासंग्रहाचा सारांश लिहायला जाऊ नये. संग्रहातली एक कविता निवडावी, ती मोठ्याने वाचावी, आणि त्या एकीविषयीच लिहावे. सगळे कळलेच पाहिजे अशी सक्ती नसते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्यातले कितीतरी शब्द मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या वाचकाने कधी ऐकलेले नसतात. ते कळले नाहीत असे स्वच्छ लिहावे, आणि न कळताही कवितेची लय, तिचा संताप अंगावर आला का तेही लिहावे. 'दुर्बोध' हा शब्द मात्र जपून वापरावा, कारण तो आपले अज्ञान कवितेच्या खात्यावर मांडतो.

भाषांतरित पुस्तकाच्या नोंदीत अनुवादकाचे नाव नसणे ही आपल्याकडची जुनी उणीव आहे. 'पाडस' आवडले असे लिहिताना राम पटवर्धनांचे, आणि 'चौघीजणी' आवडले असे लिहिताना शांता शेळके यांचे नाव यायलाच हवे, कारण आपण वाचले ते वाक्य न् वाक्य त्यांनी लिहिलेले आहे. परीक्षा सोपी आहे. मधलेच एखादे पान काढून संवाद मोठ्याने वाचावेत. घरातली माणसे घरातल्यासारखी बोलतात का, आणि वाचता वाचता मनात इंग्रजी वाक्य तयार होते का, हे लगेच कळते.

पाककृतींच्या पुस्तकावर नुसते वाचून मत देऊ नये. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० पासून घराघरात आहे, आणि त्याच्या लोकप्रियतेत वाटी-चमच्याच्या मापांचा मोठा वाटा आहे. अशा पुस्तकातले निदान तीन पदार्थ करून पाहावेत: एक रोजचा, एक सणाचा आणि एक आपण कधीच न केलेला. मग पदार्थाचे नाव, आपल्या वाटीत पाणी किती मावते आणि काय बदलावे लागले ते लिहावे. आमच्या वहीत एका गृहस्थांनी अशाच एका पुस्तकातल्या चकल्यांविषयी लिहिले आहे की, भाजणीसाठी दिलेले पाणी त्यांना पाऊण वाटीने जास्त झाले, दुसऱ्या खेपेस कमी केल्यावर चकल्या तुटल्या नाहीत. ही नोंद वाचून किमान पाच घरांत दिवाळीच्या चकल्या झाल्या. मुलांच्या पुस्तकाचेही तसेच: ते एखाद्या मुलाला वाचून दाखवावे, त्याचे वय लिहावे आणि ते कोणत्या पानावर उठून गेले तेही.

पुस्तक आवडले नाही तर काय करावे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जरूर लिहावे. मात्र पुस्तक अर्धवट सोडले असेल तर कोणत्या पानावर सोडले ते सांगावे, आणि दोष दाखवताना एक तरी जागा उदाहरणादाखल द्यावी. 'कंटाळवाणे' म्हणण्याऐवजी 'मधल्या साठ पानांत एकच तक्रार नायक चार जणांना सांगतो' असे लिहिले, तर ज्याला ते खपते तो पुस्तक नेईल आणि ज्याला खपत नाही तो नेणार नाही. लेखकाच्या जातीविषयी, राजकीय मतांविषयी किंवा खासगी आयुष्याविषयी ऐकीव गोष्टी वहीत आणू नयेत. पाचपैकी किती गुण, हे शेवटी लिहायचे तर लिहावे, पण त्यावर फार वेळ घालवू नये.

नोंदीखाली तारीख घालावी आणि खाली चार ओळींची जागा मोकळी सोडावी. वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा वाचले आणि मत बदलले, तर जुने खोडू नये. त्या मोकळ्या जागेत नवी तारीख घालून नवे मत लिहावे. विश्राम बेडेकरांच्या १९३९ च्या 'रणांगण'खाली माझ्या हातच्या अशा दोन नोंदी आहेत. पहिली विशीतली, जिच्यात मी बोटीवरच्या त्या प्रेमाशिवाय दुसऱ्या कशाचाही उल्लेख केलेला नाही. दुसरी बावीस वर्षांनंतरची, आणि तिची सुरुवात बोटीवरच्या निर्वासित ज्यू कुटुंबांपासून होते. मधल्या ओळीत कोणीतरी निळ्या शाईने लिहिले आहे, 'दोन्ही वाचून पुस्तक नेत आहे.'