साखर एकदम उतरू नये म्हणून दिवसाचं खाणं कसं आखावं

रविवारी सकाळी मिसळ खायला जायचं ठरलं. आमच्या नानांना मधुमेह आहे, त्यांनी घरातूनच इन्सुलिन घेतलं, का तर तिकडे सगळ्यांसमोर नको. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला पोचलो तर हीऽ रांग! नंबर लागेपर्यंत पाऊण तास गेला. ताट समोर आलं तेव्हा नाना पाव मोडायचा सोडून त्याच्याकडे नुसते बघत होते. कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि 'काय होतंय' विचारलं की उगाच खेकसत होते. साखर मोजायच्या मीटरवर आकडा आला ५८ (mg/dL).

७० च्या खाली आकडा गेला की साखर कमी झाली असं धरतात, ५४ च्या खाली गेला तर गंभीर. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर सहसा असं होत नाही.

पहिलं काम, आठवडाभर वही ठेवा. औषध कधी घेतलं, काय आणि किती वाजता खाल्लं, मीटरचा आकडा, आणि त्या दिवशी चालणं किंवा कष्ट किती झाले, एवढं पुरे. साखर कुठल्या वेळी उतरते ते आठवड्यात दिसायला लागतं. आमच्याकडे दोन वेळा सापडल्या: दुपारच्या जेवणाआधी आणि पहाटे.

मग कागदावर आधी औषधांच्या वेळा मांडा आणि जेवण त्यांना जोडा. आपण नेमकं उलटं करतो, भूक लागली की जेवतो आणि आठवलं की गोळी घेतो. काही इन्सुलिनं जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असतात, काही अगदी ताटावर बसताना. आपलं कुठलं, ते डॉक्टरांना विचारून डब्यावर लिहून ठेवा. नाना आता बाहेर जाताना इन्सुलिनचं पेन सोबत नेतात आणि ताट आल्यावरच टोचून घेतात. त्यांच्या इन्सुलिनला ते चालतं, प्रत्येकाच्या चालेलच असं नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्यांनी तर पाळी बदलली की वेळांचा कागदही डॉक्टरांकडून बदलून घ्यावा. रात्रपाळीला दिवसपाळीचा कागद उपयोगाचा नाही.

ताटात काय? भाकरी किंवा पोळी, वरण किंवा उसळ, भाजी, दही. नुसता चहा-बिस्किटांचा नाश्ता लवकर जिरतो. पोह्यांत शेंगदाणे घाला, सोबत वाटीभर मटकीची उसळ किंवा एक अंडं घ्या.

वहीत दोन जेवणांमध्ये साखर उतरताना दिसत असेल तरच मधलं खाणं ठेवा. मूठभर फुटाणे, ताक आणि अर्धी भाकरी, किंवा एखादा पेरू. सरसकट दर दोन तासांनी खात सुटलात तर वजन वाढेल, साखरही चढेल. पहाटे उतरत असेल, म्हणजे कपडे घामाने ओले, भयानक स्वप्नं, सकाळी डोकं जड, तर झोपताना कपभर दूध आणि थोडे फुटाणे घेऊन बघा. पण असं वारंवार होत असेल तर खाण्यात वाढ करत बसू नका, औषधाचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आता साखर उतरली तर लागेल म्हणून खिशात ठेवायचं ग्लुकोजचं पाकीट. साखर उतरल्यावर लागते ती झटपट चढणारी साखर: पाण्यात चहाचे तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर, नाहीतर अर्धा कप फळांचा रस. हंगामात आपल्याकडे द्राक्षांना काय तोटा, पंधरा-सोळा मणी पुरतात. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. त्या रविवारी तर्रीदार मिसळही म्हणूनच कामाची नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी साखरेचं पाणी करून दिलं. १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासा, ७० च्या वर नसेल तर परत तेवढंच घ्या. वर आल्यावर जेवणाला तासाभराहून जास्त वेळ असेल तर काहीतरी खाऊन घ्या. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही, ग्लुकोजच ठेवा.

उपास आणि चढण यांचा विचार आधीच करा. एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि मग रात्रीपर्यंत काही नाही, हे इन्सुलिनवाल्यांना धोक्याचं. आपल्या मनाने डोस बुडवू नका, दोन दिवस आधी विचारून घ्या. ब्रह्मगिरी किंवा सप्तशृंगी गड चढणार असाल तर निघताना तपासा. इन्सुलिन घेणाऱ्यांचा आकडा ९० च्या खाली असेल तर आधी खा. कष्टाचा परिणाम रात्रीपर्यंतही टिकतो, म्हणून त्या दिवशी झोपतानाही मीटर बघा.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आणि पावसाळ्यात ते पाकीट महिन्याभराने उघडून बघा. आमचं एकदा दगडासारखं झालं होतं, चमचाच शिरेना.