कॉलर बोन आणि सातवं अक्षर

मेडिकल कोडिंगला, म्हणजे पेशंटचे आजार-उपचार ठरावीक कोडमध्ये लिहायच्या कामाला, येणारी नवी मुलं पहिला प्रश्न विचारतात, एवढे कोड पाठ कसे करायचे? पाठ काही करायचं नसतं. सीपीसी या कोडरच्या परीक्षेतही १०० प्रश्न, चार तास आणि कोडची पुस्तकं समोर. अडतं ते चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी, वाचताना. माझं कोडच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या, अक्षरावर अडलं; उपचार कुठल्या टप्प्यात आहेत ते हे अक्षर सांगतं.

मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करून पुण्यात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट बघायला लागले होते. एक माणूस सायकलवरून पडलेला, डावी कॉलर बोन मधोमध मोडून सरकलेली. इमर्जन्सीत एक्स-रे, स्लिंग. चार दिवसांनी ऑर्थोपेडिककडे. कोडमध्ये एस४२.० म्हणजे कॉलर बोनचं फ्रॅक्चर, २ म्हणजे हाडाचा मधला भाग, पुढचा २ म्हणजे डावी आणि सरकलेली. इथवर बरोबर. ऑर्थोची भेट दुसरी, म्हणून शेवटी डी, म्हणजे ‘नंतरची भेट’, लावला. एस४२.०२२डी.

ऑडिटमध्ये चूक निघाली. ऑर्थोने तपासून उपचार ठरवले होते, म्हणजे सक्रिय उपचार सुरूच होते. सक्रिय उपचारांचा ए हवा होता. भेट कितवी, डॉक्टर नवा की जुना, याच्याशी ए-डीचा संबंध नाही. हे मी वहीत लिहून घेतलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

शिरलं पावसाळ्यात. स्कूटर खड्ड्यात गेली आणि माझीच डावी कॉलर बोन मोडली. कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, ‘# लेफ्ट क्लॅव्हिकल’. हे # म्हणजे फ्रॅक्चर, क्लॅव्हिकल म्हणजे कॉलर बोन, नव्यांनी लक्षात ठेवा. सरकलंय का, याबद्दल एक शब्द नाही! अशा वेळी कोडिंगच्या नियमाने सरकलेलंच धरतात, आणि उघडं (कातडी फाटलेलं) की बंद लिहिलं नसेल तर बंद.

“प्लास्टर नाही?” आईचा प्रश्न. या हाडाला प्लास्टर घालणार कुठे? हात गळ्यात बांधला. बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं, जड काही उचलायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस उशांना टेकून बसल्या-बसल्याच झोपले. आडवं झालं की तुटकी टोकं एकमेकांवर घासल्यासारखी वाटत. केस बांधायला आई.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एक्स-रे. मोडल्या जागेभोवती पुसट ढगासारखं नवं हाड. डॉक्टर म्हणाले, “छान जुळतंय, असंच चालू द्या.” नवा उपचार काही नाही, नुसतं बघितलं. रिक्षात बसता बसता डोक्यात आलं, अरे, हा डी!

सहा आठवडे उलटल्यावर कामावर गेले. आठवडाभरात एक चार्ट आला: हाड जुळलंच नाही म्हणून काही महिन्यांनंतर प्लेट घालायचं ऑपरेशन. ऑपरेशन म्हणजे सक्रिय उपचार, म्हणून बोट ए कडे गेलं. पण आधी उपचार घेऊनही हाड जुळलं नसेल तर के लागतो, ऑपरेशन असलं तरी. पुस्तक उघडलं, दोनदा वाचलं, मग के टाकला.