रस्टमध्ये अवाढव्य टेक्स्ट फाइल वाचताना वेळ कुठे जातो?

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतलेल्यांनी पहिला प्रकल्प कोणता करावा, यावर माझं मत ठाम आहे. रॅममध्ये मावणार नाही एवढी टेक्स्ट फाइल घ्या, ओळीओळीने वाचा आणि त्यातून काहीतरी मोजा. ओनरशिप (मेमरीची मालकी कुणाकडे, याचे रस्टचे नियम), बाइट आणि अक्षर यांतला फरक, ऑपरेटिंग सिस्टिम, सगळ्याशी एकदम गाठ पडते.

डेटा हवा असेल तर ‘वन बिलियन रो चॅलेंज’ घ्या. गुन्नार मॉर्लिंग यांनी जानेवारी २०२४ मध्ये तो जावासाठी मांडला, पण लोकांनी तो कितीतरी भाषांत सोडवला. ओळी १ अब्ज, फाइल सुमारे १३ जीबी. प्रत्येक ओळीत ठिकाणाचं नाव, अर्धविराम आणि तापमान. काढायचं काय, तर ठिकाणागणिक किमान, सरासरी आणि कमाल.

कोडला हात लावण्याआधी त्याच फाइलवर ‘डब्ल्यूसी -एल’ ही कमांड चालवून वेळ लिहून ठेवा. नुसत्या ओळी मोजायला तुमच्या मशीनला किती लागतं, ते कळतं. दोनदा चालवा. रॅम मोठी असेल तर पहिल्या खेपेला वाचलेला भाग पेज कॅशमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने रॅममध्ये ठेवलेल्या प्रतीत, राहतो आणि दुसरी खेप झटकन उरकते. थंड कॅशचा आकडा एका कोडला आणि गरम कॅशचा दुसऱ्याला लावला, तर तुलनेला अर्थ उरत नाही. आणि मोजमाप कायम रिलीज बिल्डवरच, म्हणजे ऑप्टिमाइझ करून कंपाइल केलेल्या प्रोग्रामवर.

आता वाचन. नुसत्या ‘फाइल’वर थेट रीड केलं तर प्रत्येक रीड हा सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला केलेली विनंती, असतो, म्हणून एकदम मोठा तुकडा उचलून ठेवणारा ‘बफरीडर’ लागतो. त्याचा बफर मुळात ८ केबीचा. १३ जीबीसाठी सुमारे १६ लाख कॉल होतात. बफर १ एमबी केला की साडेबारा हजारांच्या आसपास. सिस्टिम कॉल मोजणारं ‘एसट्रेस -सी’ लावून हे स्वतः बघा. बरेच जण इथेच थांबतात, पण खरा खर्च सहसा पुढे असतो.

‘लाइन्स()’ वापरायला सोपं, पण ते दर ओळीला नवी स्ट्रिंग देतं. १ अब्ज ओळी म्हणजे १ अब्ज वेळा मेमरी मागणं आणि परत करणं. त्याऐवजी लूपच्या बाहेर एकच स्ट्रिंग ठेवा आणि ‘रीड_लाइन’ वापरा. ते जुन्या मजकुराच्या पुढे जोडत जातं, म्हणून दर फेरीला ‘क्लिअर’ हवंच. ओळीच्या शेवटचं न्यूलाइनही तसंच राहतं, ते तुम्हीच काढायचं.

स्ट्रिंगचा आणखी एक खर्च आहे: रस्ट प्रत्येक ओळ वैध यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) आहे का ते तपासतं. ‘रीड_अनटिल’ने बाइटच्या व्हेक्टरमध्ये वाचलं तर ही तपासणी टळते. मराठी नावं असली तर बाइटवर तोडणं चालेल का? बिनधास्त चालेल. ‘पुणे’ची लांबी रस्ट १२ सांगतं, कारण प, उकार, ण आणि मात्रा यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात आणि त्यातला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. अर्धविराम ५९, न्यूलाइन १०. गल्लत होणं शक्यच नाही.

पुढची गळती हॅशमॅपमध्ये, म्हणजे नावावरून (ही त्याची ‘की’) आकडे शोधून देणाऱ्या तक्त्यात. त्याच्या ‘एंट्री’ला स्वतःच्या मालकीची की लागते, म्हणजे पुन्हा दर ओळीला अ‍ॅलोकेशन. आधी ‘गेट_म्यूट’ने बाइट स्लाइस शोधा, नाव सापडलं नाही तरच की बनवून घाला. हॅशमॅपचा मुळातला हॅश, सिपहॅश, बाहेरून येणाऱ्या खोडसाळ इनपुटपासून बचाव करतो. आपल्याच डेटासाठी हलका हॅश पुरतो. तापमानात दशांशानंतर एकच अंक असल्याने ते दसपट पूर्णांक म्हणून वाचा, फ्लोट (दशांश संख्या) पार्स करणं टळतं.

एमएमॅपचा, म्हणजे फाइल थेट मेमरीसारखी वापरण्याचा, मोह मात्र लगेच नको. दुसऱ्या प्रोग्रामने मध्येच फाइल छोटी केली तर तुमचा प्रोग्राम कोसळू शकतो, म्हणूनच ‘मेममॅप२’ या रस्ट लायब्ररीत ते अनसेफ आहे, म्हणजे सुरक्षिततेची जबाबदारी तुमची. शिवाय पाइपवर ते चालत नाही.

थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, सगळ्यात शेवटी. फाइलचे प्रोसेसरच्या कोअरइतके तुकडे करा आणि प्रत्येक हद्द पुढच्या न्यूलाइनपर्यंत सरकवा. यासाठी वेगळी, जेमतेम दहा ओळींची फाइल बनवा: एकदा हद्द बरोबर न्यूलाइनवर येऊ द्या, एकदा ‘पुणे’च्या मधोमध, एकदा शेवटच्या ओळीनंतर न्यूलाइनच ठेवू नका. तिन्ही वेळा उत्तर एका थ्रेडच्या जुन्या कोडशी तंतोतंत जुळलं, की मग १३ जीबीवर सोडा.