डिकीतली दुसरी बॅटरी भरतच नव्हती

पवनेकाठी मुक्काम असला की आमचा छोटा फ्रिज पहाटे बंद पडायचा. डिकीत १०० अँपिअर-अवरची दुसरी बॅटरी, मध्ये रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच), तरी तेच. शेवटी इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर लावला: बॉनेटखाली १४.२ व्होल्ट, डिकीत जेमतेम १३.१! निम्मी घट चार चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर वायरीत, निम्मी रंगावरच आवळलेल्या अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडतो तिथे.

नाना पेठेतून १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडला. आता डिकीत १३.८ मिळतात.

फ्यूज मात्र दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसजवळ, वीतभर अंतरात हवेतच. एकाच टोकाला लावला आणि मध्ये वायर पत्र्याला घासली, तर दुसऱ्या टोकाच्या बॅटरीकडून आग लागू शकते. मेकॅनिक नको म्हणाला तरी लावून घ्या.