मानसोपचार नर्सिंगमधलं पहिलं संशोधन कसं करावं

दरवर्षी एम.एस्सी. नर्सिंगच्या मुली केबिनमध्ये येतात आणि म्हणतात, "मॅडम, एखादा टॉपिक सुचवा ना." मी टॉपिक सुचवत नाही. मानसोपचार ओपीडीबाहेर नातेवाइकांसाठी बाक असतो, त्यावर आठवडाभर रोज तासभर बसून या म्हणते. वही न्यायची नाही.

कोल्हापुरात मी हा विषय शिकवते, त्याआधी पाच वर्षं मानसोपचार वॉर्डात ड्यूटी केली. बी.एस्सी.नंतर वर्षभराचा अनुभव झाला की एम.एस्सी.ला अर्ज करता येतो, पुढे अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पण ज्यांना शिकवायचंच आहे त्यांनी त्या एका वर्षावर भागवू नये. चार रात्री न झोपलेल्या माणसाजवळ बसून त्याचं बोलणं ऐकलेलं असलं की वर्गात 'मेनिया' (झोप न लागता मन आणि बोलणं भरधाव सुटण्याची अवस्था) समजावताना पुस्तक उघडावं लागत नाही.

तर, बाक. पेशंट आत असतो, त्याची आई बाहेर. पिशवीत नरसोबावाडीचा अंगारा आणि गोळ्यांची पट्टी शेजारीशेजारी. तिला अंगाऱ्यावरून बोलू नका. "गोळ्या चालू हायत न्हवं?" एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. एका विद्यार्थिनीला तिचा संशोधनाचा प्रश्न असाच मिळाला. फाइलवर सही पेशंटच्या मुलाची असायची, पण घरी रोज गोळ्या देणारी, नको म्हणून फेकल्या की परत वेचणारी सून होती. तिच्याशी आजवर कोणी बोललंच नव्हतं. काळजी घेणाऱ्यांवरचा भार हा विषय जुना आहे, पण भार नेमका कोणाच्या डोक्यावर आहे हे आधी बघायला हवं, ते या विद्यार्थिनीनं पाहिलं.

आता प्रश्नावली. इथे मी थोडी जास्त थांबते, कारण माझी स्वतःची चूक इथलीच. भार मोजायला झॅरिटची २२ प्रश्नांची मुलाखत बरेच जण वापरतात. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ८८. माझ्या एम.एस्सी.च्या वेळी मी एक तयार मराठी भाषांतर घेतलं आणि थेट कामाला लागले. "आपणांस तणाव जाणवतो का?" असं विचारलं की बायका "न्हाई" म्हणायच्या. वीस फॉर्म भरले, गुण जवळजवळ शून्य. एकविसाव्या फॉर्मला शिरोळकडची एक मावशी म्हणाली, "तणाव कशाचा ओ सिस्टर? पर जीव मेटाकुटीला आलाय बघा." ते वीसही फॉर्म मी बाजूला काढले आणि पुन्हा सुरुवात केली.

म्हणून: मूळ प्रश्नावली वापरायची लेखी परवानगी आधी घ्या. एकीनं मराठीत आणावं, दुसरीनं मूळ न बघता परत इंग्रजीत न्यावं, आणि दोन्ही इंग्रजी समोरासमोर ठेवून फरक शोधावा. एवढ्यावर थांबू नका. कागल, गडहिंग्लजकडच्या चार-पाच जणींना वाचून दाखवा आणि "तुमाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा" म्हणा. त्यानंतरच पायलट स्टडी, म्हणजे थोड्या जणींवर आधी करून बघायची चाचणी. नमुना किती घ्यायचा हे संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाला या टप्प्यावर विचारा. फॉर्म भरून झाल्यावर गेलात तर त्याच्याही हातात काही राहत नाही.

नैतिक समितीची आणि रुग्णालयाची परवानगी येईपर्यंत एकही फॉर्म भरायचा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नं आजाराबद्दलची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिलाय, तेव्हा फॉर्मवर नाव नको, फक्त क्रमांक. गाव लहान असेल तर गावाचंही नाव नको. "अमक्या गावची शिक्षिका" एवढ्यावर माणूस ओळखू येतो.

मुलाखतीची वेळ सांभाळा. चंदगडहून येणारी बाई शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून आलेली असते. डॉक्टरांनी तपासल्यावर तिचा जीव सीबीएसवरच्या परतीच्या एसटीत अडकलेला असतो, तेव्हा केसपेपर काढून नंबराची वाट बघत असतानाच बोला. पेशंटच्या समोर मात्र नको. ऊसतोड सुरू झाली की शेतकरी घरांतून माणसं कमी येतात, ते महिने वेळापत्रकात सैल ठेवा.

बोलताबोलता एखादी म्हणेल, "आता जगावंसं वाटत न्हाई." फॉर्म तिथंच बंद करा. "मरायचे विचार येतात का, काही ठरवलंय का?" असं स्पष्ट विचारा; विचारल्यानं विचार वाढत नाहीत. तिला एकटी सोडू नका, स्वतः सोबत जाऊन डॉक्टरांना भेटवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. तो फॉर्म अर्धा राहिला तरी चालेल.

रोज संध्याकाळी, जेवायच्या आधी, दिवसभराचं बोलणं प्रोसेस रेकॉर्डिंगसारखं लिहून काढा: ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, तेव्हा मला काय वाटलं. अमेरिकन नर्स आणि अभ्यासक हिल्डगार्ड पेपलाऊंनी १९५२ मध्ये नर्स आणि रुग्ण यांच्या नात्यालाच उपचाराचा पाया मानलं. ते नातं आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही, या वहीत दिसतं.

प्रबंध जमा झाला, तोंडी परीक्षा झाली, की दोन पानांचा मराठी गोषवारा काढा आणि त्याच ओपीडीच्या दिवशी त्याच बाकावर वाचून दाखवा. ज्या सुनेशी आधी कोणी बोललं नव्हतं, ती त्या दिवशी आली असेल तर तिला शेजारी बसवून घ्या.