ब्रसेल्स स्प्राउट्स उघडे, कडू की लागतच नाहीत? या चुका टाळा

ब्रसेल्स स्प्राउट्स म्हणजे उंच खोडावर पानांच्या बेचक्यांत लागणाऱ्या चिमुकल्या कोबीसारख्या गड्ड्या. पहिल्या वर्षी माझ्या वाफ्यात त्यांची सहा झाडं कमरेपर्यंत आली. पानं सुपाएवढी. खोडावर मात्र प्रत्येक बेचक्यात अर्धवट उमललेल्या गुलाबासारखे हिरवे झुबके होते. घट्ट मिटलेली गड्डी औषधाला सापडली नाही. मी घाबरून पाणी वाढवलं, वर मूठ-मूठ खत घातलं, आणि झुबके आणखी फुलले. या पिकाची खोड अशी की चूक आज दिसते, पण ती झालेली असते तीन महिने आधी. त्यामुळे खोडावर दिसतं तिथून मागे मागे जात शोधायचं.

गड्ड्या उघड्या राहतात

पहिला संशय मातीवर घ्या. भाजीसाठी माती भुसभुशीत हवी हे आपल्या डोक्यात इतकं बसलेलं असतं की इथेही आपण लावणीच्या आदल्या दिवशी वाफा खणून कापसासारखा करतो. स्प्राउट्सचं झाड दोन-अडीच फूट उंच जातं आणि सगळं वजन वर असतं. मोकळ्या मातीत ते वाऱ्यावर डुलतं, प्रत्येक डुलण्यासरशी बारीक मुळं तुटतात, आणि मग गड्ड्या वळायच्या वेळी झाड अर्धपोटी असतं. शेणखत किंवा कंपोस्ट घालायचं ते लावणीच्या काही आठवडे आधी. माती बसू द्यायची. मग चक्क टाचांनी तुडवून घट्ट करायची. पहिल्यांदा हे करताना मलाच चुकल्यासारखं वाटलं होतं.

रोप लावताना खालच्या पानांच्या देठापर्यंत खोल लावा आणि बुडाशी माती दाबा. घट्ट बसलं का, हे पाहायची सोपी खूण आहे: एका पानाचं टोक चिमटीत धरून वर ओढा. पान फाटलं तर लावणी ठीक. पानासकट रोप हललं तर काढून पुन्हा लावा. झाड गुडघ्याएवढं झालं की बुंध्याला मातीची भर द्या आणि वारा लागत असेल तर काठी बांधा. काठी आधीच रोवून ठेवली तर मुळं दुखावत नाहीत.

दुसरं कारण नत्र. वाढीच्या सुरुवातीला या झाडाला नत्र भरपूर लागतं, ते नाकारू नका. पण बेचक्यात दाण्याएवढ्या गड्ड्या दिसू लागल्यावर युरिया किंवा कोंबडीखत ओतलं की झाड पानं करत सुटतं आणि गड्ड्या सैल पडतात. मी नेमकं हेच केलं होतं.

तिसरं कारण म्हणजे उष्णता, आणि ते सगळ्यांत महागात पडतं. गड्डी घट्ट वळायला साधारण 15 ते 18 अंश सेल्सिअस तापमान मानवतं. 24 च्या वर सातत्याने गेलं की ती फुलते. त्यामुळे पेरणीची तारीख थंडीवरून उलटी मोजावी लागते. बी ते लावणीयोग्य रोप यात पाच-सहा आठवडे जातात. लावणीनंतर जातीप्रमाणे 90 ते 120 दिवस, काही उशिरा येणाऱ्या जातींना त्याहूनही जास्त. गड्ड्या भरायचा काळ तुमच्या भागातल्या सर्वांत थंड आठवड्यांत पडेल, असं बसवा. पाकिटावरचे दिवस बहुतेक वेळा लावणीपासूनचे असतात, पेरणीपासूनचे नव्हेत. हे न वाचल्यामुळे दीड महिन्याचा घोळ सहज होतो. थंडी थोडकीच पडत असेल तर लवकर येणारी संकरित जात घ्या. संकरित जातींच्या गड्ड्या जुन्या जातींपेक्षा सहसा जास्त घट्ट आणि एकसारख्या येतात.

कडू लागतात

इथेही उष्णता आणि पाण्याचा ताण यांचा हात असतो. उलट हलकी दहिवराची थंडी पडली की झाड स्वतःला गोठण्यापासून वाचवायला साठवलेल्या पिष्टाची साखर करतं, आणि तीच गोडी आपल्याला मिळते. म्हणून तयार गड्ड्या थंडीचा एखादा झटका लागेपर्यंत झाडावर राहू द्याव्यात. जातीचाही दोष असतो. 1990 च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कडवटपणामागची सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन ही द्रव्यं हेरली, आणि त्यानंतर कमी कडू जाती निवडल्या जाऊ लागल्या. तेव्हा लहानपणी कडू लागले म्हणून आजही नाक मुरडणाऱ्यांनी नवी जात एकदा लावून पाहावी. आणि चूक बागेतली नसून गॅसवरची असू शकते: जास्त शिजवले की गंधकाचा तो ओळखीचा वास सुटतो.

वाटाण्याएवढ्याच राहतात

दोन झाडांत 60 सेंमी अंतर ठेवा. रोप बोटभर असताना हे अंतर वेडेपणाचं वाटतं, आणि मधल्या जागेत आणखी एक खुपसायचा मोह होतो. त्याऐवजी तिथे पालक किंवा लेट्यूस घ्या, ते आधीच निघून जातं. कुंडीत लावायचं तर एका कुंडीत एकच झाड, आणि कुंडी किमान 20 लिटरची. रोजचं सहा तास ऊन हवंच.

पानं खुडण्याबाबत बरेच अतिउत्साही सल्ले मिळतात. प्रत्येक गड्डी एका पानाच्या बेचक्यात बसलेली असते आणि शेजारचं पान तिला पोसतं. म्हणून पिवळी पडलेली आणि काढलेल्या गड्ड्यांखालची पानं काढा, हिरव्या पानांना हात लावू नका. शेंडा खुडण्याचं मात्र खरं आहे. खालच्या गड्ड्या दीड-दोन सेंमीच्या झाल्या की शेंडा मोडायचा, मग उरलेल्या तीन-चार आठवड्यांत जवळजवळ एकदम भरतात. सगळं पीक एकाच वेळी हवं असेल किंवा हंगाम संपत आला असेल तरच हे करा. आठवड्याला मूठभर हवे असतील तर शेंड्याला राहू द्या.

आत काहीतरी वळवळतंय

मावा. राखाडी, पिठूळ, पानाच्या मागच्या बाजूला चिकटलेला. तो गड्डीच्या पानांत शिरला की मग काही खरं नाही. एकदा मी छान दिसणारी गड्डी उभी चिरली, तर प्रत्येक पापुद्र्याच्या खोबणीत राखेसारखी ओळ होती. म्हणून गड्ड्या वळण्याआधीच आठवड्यातून एकदा पानं उलटून बघा. सुरुवातीची वस्ती बोटाने चिरडता येते किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निघते. पुढे गेली तर साबणाचं पाणी किंवा निंबोळी अर्क, संध्याकाळी. काढणीनंतर मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवलं की बाहेरचे निघतात, आतले नाही.

अळ्यांसाठी पहिल्या दिवसापासून बारीक जाळी हा सर्वांत कमी कटकटीचा उपाय. पान जाळीला टेकलं तर फुलपाखरू बाहेरून अंडी घालतं, एवढं लक्षात ठेवा. जाळी नसेल तर बीटीचं (अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं) जैविक औषध अळ्या लहान असतानाच फवारा.

खोड आतून पोकळ आणि तपकिरी निघालं तर बोरॉनची कमतरता असू शकते. उपाय माती तपासूनच करावा, कारण बोरॉन किंचितही जास्त झालं तर झाडाला विषासारखं ठरतं.

काढणीत होणारी चूक

सगळं खोड भरायची वाट पाहणं. गड्ड्या खालून वर पिकतात, त्यामुळे वरच्या तयार होईपर्यंत खालच्या पिवळ्या पडून फुटतात. अडीच ते चार सेंमी, चिमटीत दाबल्यावर कडक, चकचकीत हिरव्या दिसल्या की अंगठ्याने खाली दाबून पिळा, कटकन सुटतात. फ्रीजमध्ये न धुता ठेवा, धुतलेल्या लवकर काळवंडतात. शेवटी शेंड्याची कोवळी पानंही भाजीला चालतात, ती फेकू नका.

शेवटचं झाड उपटल्यावर मुळं झटकून नीट पाहा. पांढरी, तंतुमय असतील तर बुंधा ठेचून कंपोस्टमध्ये टाका. मुळांवर सुजलेल्या बेढब गाठी असतील तर तो क्लबरूट हा मुळांचा रोग आहे. असं झाड कंपोस्टमध्ये अजिबात नको. त्याचे बीजाणू मातीत पंधरा-वीस वर्षं टिकतात. त्या वाफ्यात कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी असं त्या कुळातलं काहीच पुढची अनेक वर्षं घेऊ नका, चुना घालून मातीचा सामू 7 च्या थोडा वर न्या, आणि फावडं धुऊनच दुसऱ्या वाफ्याकडे वळा.