अवकाळीच्या आधी पऱ्हाटीची कुट्टी झाका: रेशी अळिंबीसाठी सल्ला

कपाशीची पऱ्हाटी, तुराट्या, आरागिरणीतला बाभळी-आंब्याचा भुसा यांवर रेशी (गॅनोडर्मा) ही औषधी अळिंबी चांगली येते. ती वाढवायच्या पिशव्या जूनच्या तोंडावर भरायच्या असल्या, तरी मराठवाड्यात पीक हातचं जातं ते मार्च-एप्रिलमध्येच. अवकाळीत बांधावरचा ढीग भिजतो, चार दिवसांच्या उन्हात वरून वाळतो आणि तोच माल पिशवीत जातो.

भिजलेला ढीग आतून तापतो. हिरवी बुरशी आणि जिवाणू त्यात आधीच घर करतात. काही जिवाणूंचे बीजाणू पिशव्या निर्जंतुक करायच्या ड्रममधल्या 100 अंशांच्या वाफेलाही मरत नाहीत. मग पिशवीला आंबूस वास येतो आणि स्पॉन (अळिंबीचं बियाणं) पसरत नाही. म्हणून ढग दिसण्याची वाट पाहू नका, आजच झाका.

पऱ्हाटीची उरलेली बोंडं आधी झाडून नष्ट करा, त्यांत गुलाबी बोंडअळी असते. श्रेडरमधून 2-3 सेंमी कुट्टी करा. काडी कडकन मोडेपर्यंत वाळवा, गोणपाटात भरा, पत्र्याखाली विटांवर रचा. ओलसर मालावर ताडपत्री घट्ट बांधू नका, आतच घाम धरतो. ढिगात हात घाला: कोमट लागला तर तो माल शेणखताच्या खड्ड्यात टाका.

भरताना:
- कुट्टी किंवा भुसा 8 किलो, गव्हाचा कोंडा 2 किलो
- पाणी 15-16 लिटर (ओलावा 65 टक्के), सामू 5.5
- पॉलिप्रॉपिलीन पिशवी, दाबाच्या वाफेत 121 अंशांवर 2 तास
- स्पॉन ओल्या वजनाच्या 3 टक्के. अंधारात 28-32 अंश
- कोंब येताना आर्द्रता 90-95 टक्के

मूठ दाबल्यावर बोटांत ओल दिसावी, थेंब गळू नये. साग आणि कडुनिंबाचा भुसा आम्ही टाळतो. त्यात वाढ रेंगाळते, असा अंदाज आहे.

भिजलेला माल औषधाने सुधारतो, असं दुकानदार सांगेल. 100 लिटर पाण्यात कार्बेन्डाझिम 7.5 ग्रॅम आणि फॉर्मॅलिन 125 मिली ही मात्रा धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीच्या काडासाठी आहे. औषध म्हणून विकायच्या रेशीत ती नकोच. ‘ग्रोथ बूस्टर’च्या बाटलीवर एक रुपयाही घालू नका, ते पैसे पत्र्याला आणि विटांना लावा. माल परत विकत घेण्याचं तोंडी आश्वासन देणाऱ्याकडून पिशव्या उचलू नका.

तुरीच्या मर रोगासाठी आणलेली ट्रायकोडर्माची पुडी, तिचा पंप, ते हाताळलेले कपडे यांना अळिंबीच्या खोलीत आणि कुट्टीजवळ मज्जाव. हिरवी बुरशी म्हणतात ती हीच.

स्पॉनची चौकशी परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात एप्रिलमध्येच करा. त्याच सुमारास प्रत्येक पावसानंतर गोणी उलथून तळाची ओल बघा.